सहा गुंठ्यांची बाग: शेजाऱ्यांनी मिळून करायची असेल तर

आमच्या बागेची एक वही आहे. दोनशे पानी, कव्हर फाटलेलं, नळाशेजारच्या पत्र्याच्या पेटीत ठेवलेली. तीत तारीख, पाणी कुणी घातलं, किती वाजता, आणि कधीमधी एखादा शेरा: 'कोपऱ्यातल्या बकुळीला मुंग्या', 'पाइप पुन्हा कुणीतरी नेला', 'टाकी रिकामी, टँकरवाला फोन उचलत नाही'. बाग कशी उभी राहिली असं कुणी विचारलं की मी ही वही पुढे करते. रोपं लावायच्या दिवशी छत्तीस घरांतून सत्तरेक माणसं आली होती, भजी-चहा झाला, फोटो झाले. पुढच्या मे महिन्याच्या पानांवर चारच नावं आहेत, आलटून पालटून.

म्हणून कॉलनीतल्या मोकळ्या जागेवर बाग करायचं तुमच्या मनात असेल, तर पहिल्या बैठकीत झाडं कोणती, बाकडी किती हे बाजूला ठेवा आणि एवढंच विचारा: मे महिन्यात पाणी कोण घालणार? जितकी नावं मिळतील तितकीच बाग करा. दोन नावं आली तर एक कोपरा. उरलेली जागा पडीक राहिली तरी चालेल; वाळलेल्या रोपांची रांग रोज बघण्यापेक्षा ते बरं.

आधी नकाशा, मग कुदळ

आमची जागा म्हणजे पुण्याच्या उपनगरातल्या दीड एकराच्या लेआउटमधली ओपन स्पेस. महाराष्ट्रात (बृहन्मुंबईचे नियम वेगळे) ०.४ हेक्टर, म्हणजे साधारण एक एकर किंवा त्याहून मोठ्या लेआउटमध्ये दहा टक्के जागा मोकळी ठेवावी लागते. दीड एकराचे साठ गुंठे, त्यांतले सहा मोकळे. एक गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट, तेव्हा सहा गुंठे साडेसहा हजार चौरस फुटांच्या आसपास. कागदावर. प्रत्यक्षात एका बाजूला कुणाची तरी जुनी मोटार, दुसऱ्या बाजूला शेवटच्या घराने दोन फूट पुढे सरकवलेलं कुंपण.

तेव्हा मंजूर लेआउटची प्रत हातात घ्या. बिल्डरकडे नसेल किंवा तो टाळाटाळ करत असेल, तर महापालिकेच्या किंवा नगरपरिषदेच्या बांधकाम परवानगी विभागात माहिती अधिकाराचा अर्ज टाका. दहा रुपये शुल्क, तीस दिवसांची मुदत. सोबत सातबारा किंवा प्रॉपर्टी कार्ड काढा आणि जागा कुणाच्या नावावर आहे ते पाहा. इथे तीन शक्यता असतात. सोसायटीच्या नावावर असेल तर सर्वसाधारण सभेचा ठराव करून उपसमिती नेमा. पालिकेकडे हस्तांतरित झाली असेल तर उद्यान विभागाची लेखी परवानगी घ्या. 'साहेब हो म्हणाले' याला काडीची किंमत नाही, साहेबांची बदली होते. आणि बऱ्याच ठिकाणी जागा अजून मूळ मालकाच्याच नावावर निघते. तसं असेल तर वकिलाला कागद दाखवल्याशिवाय एक पैही खर्च करू नका. हद्दीचा वाद असेल तर भूमी अभिलेख कार्यालयाची मोजणी मागवा. मोजणी होईपर्यंत त्या बाजूला झाड लावू नका, शेजाऱ्याशी वाकडं होतं ते पुढे वर्षानुवर्षं तसंच राहतं.

जागेवर आधीपासून झाड असेल तर ते 'मध्ये येतं' म्हणून तोडता येत नाही. शहरी भागात १९७५ चा झाडांच्या संरक्षणाचा कायदा लागू आहे, वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. आमच्या जागेत एक वेडावाकडा कडुनिंब होता. नकाशात तो नेमका वाटेवर येत होता, म्हणून वाट वळवली. आज तेवढीच वळणाची जागा सगळ्यात जास्त वापरली जाते.

पैशाचं आधीच बोलून घ्या

सोसायटी नोंदलेली असेल तर तिच्याच खात्यात बागेचं वेगळं पान ठेवा, नवीन संस्था काढू नका. बंगले आणि रो-हाउसच्या कॉलन्यांत कित्येकदा सोसायटीच नसते. तिथे किमान सात जण मिळून १८६० च्या कायद्याखाली संस्था नोंदवता येते, महाराष्ट्रात तिची धर्मादाय आयुक्तांकडेही नोंद होते. वेळखाऊ आहे, दरवर्षी हिशेब तपासून घ्यावे लागतात, पण बँकेत खातं उघडायचं तर हाच रस्ता सरळ. कुणाच्या तरी वैयक्तिक खात्यात यूपीआयने पैसे गोळा करू नका. माणूस कितीही सज्जन असो, दोन वर्षांनी कुणीतरी कुजबुजतंच. खात्यावर दोघांच्या सह्या, आणि दर महिन्याला पाटीवर जमाखर्चाचा कागद.

छत्तीस घरांनी महिन्याला २५० रुपये दिले तर ९,००० होतात, वर्षाचे १,०८,०००. आमच्याकडे छत्तीसही घरं कधीच एकदम देत नाहीत, तेव्हा हिशेब तीस घरांचाच धरतो. यातून आठवड्याला दोन अर्धे दिवस माळी, उन्हाळ्यात टँकर, खत, पाइपची दुरुस्ती भागते. वर्गणी न देणाऱ्यांची नावं पाटीवर लावायची हुक्की कुणाला तरी येईलच. लावू नका. त्या घरातली पोरं त्याच झोपाळ्यावर खेळणार आहेत.

मोठ्या कामासाठी, म्हणजे कुंपणाची भिंत, दिवे, पावसाच्या पाण्याचा निचरा, पालिकेचा निधी मिळतो का ते जरूर पाहा. पुण्यात नागरिकांच्या सूचना अंदाजपत्रकात घेण्याची पद्धत २००६ पासून आहे. अर्ज ठरलेल्या मुदतीत द्यावा लागतो आणि तो पालिकेच्याच जागेवरच्या कामाला चालतो. नगरसेवकाच्या निधीतूनही काम होतं, फक्त मग सहा गुंठ्यांच्या बागेला आठ फुटांची कमान आणि तीवर चार फोटो येतात. आम्ही कमान नाकारली आणि बाकडी घेतली. बाकड्यांच्या पाठीवर नाव आहेच, पण त्यावर निदान बसता तरी येतं.

चार दिवस नुसतं बघा

आराखडा काढण्याआधी जागेवर सकाळी सात, दुपारी एक आणि संध्याकाळी पाच वाजता जाऊन उभं राहा. सावली कुठे पडते, पाणी कुठे तुंबतं, पोरं घाईत कुठून तिरकी कापत जातात, ते बघा. पोरांनी पायांनी पाडलेली वाट हीच खरी वाट. तिच्यावर झुडपांची रांग लावलीत तर आठवड्यात ती तुडवली जाईल.

मग खड्डा खणून माती बघा. आम्ही पहिल्या खड्ड्यात दीड फुटावर फुटका कमोड काढला. त्याखाली सिमेंटची गोठलेली पोती, फरशांचे तुकडे, विटा. बांधकामाच्या वेळचा सगळा राडारोडा बिल्डरने ओपन स्पेसमध्येच लोटून वर चार बोटं लाल माती पसरली होती, आणि हे फक्त आमच्याकडे झालंय असं मुळीच समजू नका. असा थर लागला तर सगळी जागा उपसत बसू नका, परवडत नाही. जिथे झाड येणार तेवढेच खड्डे मोठे खणा, राडा काढा, चांगली माती भरा. वाट आणि खेळायची जागा राडारोड्यावर उत्तम बसते.

निचरा तपासायचा तर खड्डा पाण्याने काठोकाठ भरून रात्रभर ठेवा. सकाळी पाणी तसंच असेल तर खाली काळी चिकण माती किंवा कातळ आहे. तिथे उंचवट्यावर लावा.

किती झाडं?

सगळ्यात जास्त भांडण इथे होतं. कुणी म्हणतं शंभर लावू, कुणी म्हणतं मियावाकी करू. मियावाकीत चौरस मीटरला तीन-चार रोपं दाटीने लावतात. रान होतं, छान होतं, पण त्यात आजीला चालता येत नाही आणि चेंडू गेला की गेला. साधं गणित करा. मध्यम झाडाचा विस्तार पंचवीस फूट धरला तर एका झाडाखाली पाचशेच्या आसपास चौरस फूट झाकले जातात. साडेसहा हजारांत तेरा झाडं लावली की आभाळ संपलं. खेळायला आणि हिवाळ्यातल्या उन्हाला जागा सोडली तर नऊ किंवा दहा. आम्ही अकरा लावली, एक जास्तच झालं.

दुपारचं ऊन पश्चिमेकडून सगळ्यात जास्त भाजतं, तेव्हा दाट, बारमाही पानांची झाडं त्या बाजूला: बकुळ, करंज, सीताअशोक. दक्षिणेला उन्हाळ्याआधी पानं गाळणारं एखादं, पळस किंवा पांगारा, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीत बाकड्यावर ऊन येतं. पुण्यात मेच्या मध्याला शून्य सावलीचा दिवस असतो, दुपारी सूर्य थेट डोक्यावर. तेव्हा भिंतीची सावली कामाला येत नाही, फांद्याच लागतात. बहावा आणि ताम्हण फुलांसाठी हवेतच. ताम्हण तर राज्यफूल, आणि त्याला थोडी ओल मानवते, म्हणून नळाजवळ लावा. वड, पिंपळ, उंबर सहा गुंठ्यांत नकोत. मुळं भिंत आणि ड्रेनेज दोन्ही फोडतात. गुलमोहर देखणा, पण मूळचा मादागास्करचा आणि लाकूड ठिसूळ. वळवाच्या वाऱ्यात फांदी मोटारीवर पडली की बागेच्या समितीलाच जबाबदार धरतात. नर्सरीवाला कोनोकार्पस गळ्यात मारेल, 'सहा महिन्यांत हिरवी भिंत' म्हणून. गुजरात सरकारने २०२३ मध्ये त्याच्या लागवडीवर बंदी घातली, एवढं त्याला सांगा.

झुडपांत अडुळसा, तगर, जास्वंद, निर्गुडी. कढीपत्ता आणि लिंबू मुद्दाम लावा आणि त्यावरच्या अळ्या मारू नका. महाराष्ट्राचं राज्यफुलपाखरू, ब्लू मॉरमॉन, लिंबाच्याच कुळातल्या झाडांवर अंडी घालतं. कढीपत्ता लोक ओरबाडून नेतील. दोन झाडं लावा, एक लोकांना, एक अळ्यांना.

हिरवळीबद्दल मात्र मी हट्टी आहे. तीन हजार चौरस फूट लॉनला उन्हाळ्यात दिवसाला पाच मिलिमीटर पाणी धरलं तरी १,४०० लिटर लागतात. आमच्या दहा-अकरा झाडांना आणि साठेक झुडपांना मे महिन्यात अख्ख्या आठवड्याला हजार लिटरच्या आसपास पुरतं. लॉन हवं म्हणणाऱ्याच्या हातात पाइप द्या. हरळी आपोआप येते, पावसाळ्यात हिरवी, उन्हाळ्यात पिवळी, आणि गणपतीत दूर्वा काढायला सगळ्या घरांतली मुलं येतात.

५ जूनला झाडं लावू नका

पर्यावरण दिनाचा फोटो चांगला येतो, पण त्या तारखेला आपल्याकडे बहुधा पाऊस आलेला नसतो. खड्डे मात्र एप्रिल-मेमध्येच खणून ठेवायचे, दोन बाय दोन बाय दोन फूट, म्हणजे माती उन्हात तापते. मृगाने हूल दिली तर आर्द्रापर्यंत थांबा. दोन-तीन चांगल्या सरी होऊन माती वीतभर ओली झाली की लावा.

खड्डा भरताना तीन भाग मातीला एक भाग शेणखत आणि दोन-तीन मुठी निंबोळी पेंड, ती वाळवीसाठी. शेणखत पूर्ण कुजलेलं हवं: काळं, भुसभुशीत, वास नसलेलं. कच्च्या खतातून हुमणी येते, पांढरी, इंग्रजी सी अक्षरासारखी वळलेली अळी, आणि ती मुळं खाते. वरून रोप ठीक दिसतं आणि एक दिवस हातात उपटून येतं. आमच्या तीन तगरी अशा गेल्या.

रोप चार-पाच फुटांचं घ्या, दहा फुटांचं नको. मोठं रोप ऐटदार दिसतं, पण पिशवीत मुळं गोल गोल गुंडाळलेली असतात. पिशवी पूर्ण फाडा (हे सांगावं लागतं, कारण पिशवीसकट पुरलेलं रोप मी स्वतः बाहेर काढलंय), गुंडाळलेली मुळं हाताने हलकेच मोकळी करा. बाजूला बांबू रोवा आणि सुती चिंधीने आठच्या आकड्यासारखी सैल गाठ मारा. नायलॉनची दोरी किंवा तार बांधलीत तर दोन वर्षांत ती खोडात रुतते. आळं खोडाला चिकटून नको, हातभर लांब. वर वीतभर पालापाचोळा पसरा.

पाणी

पहिली तीन वर्षं. त्यानंतर देशी झाड आपलं आपण बघतं.

पावसाळा संपल्यावर झाडाला आठवड्यातून एकदा वीस लिटर, मार्चपासून दोनदा. रोज तांब्याभर घालू नका; वरचेवर थोडं पाणी मिळालं की मुळं वरच राहतात. ठिबक केलं तर उत्तम: सोळा मिलिमीटरची नळी, झाडाला ताशी आठ लिटरचे दोन ड्रिपर, सव्वा तास चालू. पण ठिबक 'आपोआप' नसतं. ड्रिपर गाळाने बुजतात, खार नळी कुरतडते, कुणीतरी व्हॉल्व्ह बंद करून जातं. आठवड्यातून एकदा प्रत्येक ड्रिपरखाली वाटी धरून बघणारा माणूस लागतोच.

उन्हाळ्यात पिण्याचं पाणी बागेला वापरू नका, टंचाईत पालिका दंडही करते आणि शेजारी शिव्या घालतात. बोअर, शेजारच्या मोठ्या सोसायटीतलं सांडपाणी प्रकल्पाचं शुद्ध केलेलं पाणी, घरातलं आरओचं वाया जाणारं पाणी (झुडपांना, आलटून पालटून; क्षार जास्त असतात). आणि पाऊस अडवा. पुण्यात साधारण ७०० मिलिमीटर पडतो. सहा गुंठ्यांवर ते सव्वाचार लाख लिटर होतात. वाट थोडी उंच, आळी आणि झुडपांचे वाफे वीतभर खोल ठेवले, की ते पाणी गटारात न जाता मुरतं. पेव्हर ब्लॉकने सगळं झाकलंत तर हेच पाणी शेवटच्या घराच्या ओट्यावर चढतं.

वाट मुरमाची करा, वर बारीक कच टाकून रोलर फिरवा. साडेचार फूट रुंद, म्हणजे दोघी गप्पा मारत चालू शकतात. फाटक निदान तीन फुटांचं, आणि उंबरठा असेल तर एक फूट चढाला बारा फूट लांबीचा उतार. कमी लांबीत बसवलेल्या उतारावरून व्हीलचेअर मागे येते. झोपाळ्याखाली फरशी नको, फूटभर वाळू घाला, मांजरं ती घाण करतात म्हणून रात्री ताडपत्री ओढा. ओपन जिमची यंत्रं फुकट मिळत असली तरी दोनच घ्या. गंजली की ती काढायला कुणी येत नाही.

पालापाचोळा, गाजर गवत आणि माळीमामा

पाला जाळायचा नाही; नियमात बसत नाही आणि धूर दम्याच्या माणसाच्या खिडकीत जातो. कोंबडीच्या जाळीचा चार फूट व्यासाचा गोल उभा करा, त्यात पाला, मध्ये मध्ये शेणकाला किंवा आंबट ताक शिंपडा, ओल पिळलेल्या फडक्याइतकी ठेवा, महिन्यातून एकदा खालीवर करा. काठोकाठ भरलेली जाळी चार-पाच महिन्यांत पाव होते. तेच खत जूनमध्ये खड्ड्यांना. ओला कचरा त्यात टाकायला देऊ नका. 'फक्त भाजीचे देठ आहेत' म्हणत सुरुवात होते आणि मग उंदीर येतात.

गाजर गवत फुलायच्या आधी, ऑगस्टमध्येच, हातमोजे घालून मुळासकट उपटा. देशात या तणाची दखल पहिल्यांदा घेतली गेली ती १९५० च्या दशकात पुण्यातच, तेव्हा ते इथे घरच्यासारखं वागतं. पक्ष्यांच्या पाण्याचं भांडं दर तीन दिवसांनी पालथं करून घासा, डेंग्यूच्या डासाला आठवडाभर साचलेलं पाणी पुरतं.

माळ्याला काम सांगणारा माणूस एकच ठेवा. आमच्याकडे पहिल्या वर्षी माळीमामांना एक काका सांगायचे छाटा, दुसरे सांगायचे वाढू द्या. मामा दोघांनाही 'हो साहेब' म्हणायचे आणि तिसऱ्याच झाडाला कात्री लावायचे. आता सूचना वहीत लिहायची, मामांशी फक्त सावंतवाडीच्या आजी बोलतात, आणि त्यांच्यापुढे कुणाचंच चालत नाही.

भांडणं

क्रिकेट, कुत्री, बाकड्यांवर रात्री बसणारी मुलं. यावर पाटीभर नियम लिहू नका, 'सक्त मनाई'च्या पाट्या कुणी वाचत नाही. पोरांना बोलावून विचारा. आमच्या पोरांनी स्वतःच ठरवलं: पाच ते साडेसहा, फक्त प्लास्टिकचा चेंडू, भिंतीला लागला तर आउट. कुत्र्यांसाठी फाटकाजवळ जुनी वर्तमानपत्रं आणि झाकणाची बादली ठेवली, तेव्हापासून निम्मा प्रश्न मिटला. निम्मा नाही मिटला.

एक गोष्ट वेळीच करा. एका सकाळी कडुनिंबाखाली शेंदूर लावलेला दगड दिसला, शेजारी उदबत्ती. चार दिवस गेले असते तर चौथरा झाला असता, मग पत्रा, मग घंटा. आजींनीच दगड ठेवणाऱ्या काकूंना घरी बोलावलं, चहा दिला आणि म्हणाल्या, तुमच्या परसात ठेवा, नैवेद्याला मी येईन. तो तिकडे गेला, आजी खरंच जातात. मंडपाचंही तसंच: गणपतीचे दहा दिवस कुठे मांडव घालायचा आणि खांबाचे खड्डे कोण बुजवणार, ते जुलैतच लिहून घ्या.

पाळीची यादी मार्चच्या पहिल्या रविवारी करा, एका दिवसाला दोन घरं, कारण मेमध्ये निम्मी घरं गावाला जातात. जाणाऱ्याने आपला बदली माणूस स्वतः शोधायचा आणि वहीत नाव लिहायचं. नळाची किल्ली, सुटा वॉशर आणि टेप पेटीतच ठेवा. पावसाळ्यात पेटीवर प्लास्टिक बांधा. आमच्या वहीची जुलैची पानं भिजून एकमेकांना चिकटली आहेत. तशी ती कोरीच होती म्हणा, जुलैत पाणी कोण घालतं.